मेजरांच्या पडवीतला कोंबडा

तो कोंबडा माझा होता. हे मी आजवर कुणालाही सांगितलेलं नाही. बायकोला नाही, देवाला नाही, आणि ज्यांना सांगायला हवं होतं त्या मेजरांना तर नाहीच. आमच्या गावच्या वाचकांना ‘कुठला कोंबडा’ हा प्रश्न पडणार नाही. बाकीच्यांना सुरुवातीपासून सांगतो, आणि सुरुवात करायची तर ती मेजरांपासूनच करावी लागते.

मेजर माणसं मोजायचे. गंमत म्हणून नव्हे. दुसरा एखादा तंबाखू खातो किंवा जप करतो, तसे. फौजेत साधा शिपाई म्हणून गेले आणि मेजर होऊन परत आले, तेव्हा गावाला वाटलं होतं की आता युद्धाच्या गोष्टी ऐकायला मिळतील. मिळाली ती गिनती. सकाळी तिठ्यावर एसटी लागली की मेजर खाली उभे. बसमधून उतरणाऱ्या प्रत्येकाकडे बोट करायचे आणि शेवटचा माणूस उतरला की कंडक्टरला विचारायचे, "काल सकाळी गेले सतरा. आज इले सोळा. एक खंय ऱ्हवलो?" कंडक्टर बिचारा परगावचा. पण बसमधलं कुणी ना कुणी सांगायचंच, "दत्तू तळेऱ्याक उतारलो, मेजर. पोरग्याच्या सोयरिकीचा बघूक गेलो." झालं. दत्तूने चार महिने लपवून ठेवलेली सोयरीक अशी तिठ्यावर फुटायची. मेजरांना तिच्याशी काही देणंघेणं नसे. त्यांचा सतरावा सापडलेला असे.

एकदा आम्ही एका म्हाताऱ्याला मसणात पोचवायला गेलो होतो. परत आल्यावर मेजर म्हणाले, "एक्केचाळीस गेललंव, चाळीस इलंव. एक कमी."

बाबल घाडी आमच्या गावचा वाद घालणारा माणूस. तो म्हणाला, "मेजर, एक कमी आसतलोच! त्येकाच तर पोचवूक गेललंव."

"त्येका धरूक नाय मी," मेजर म्हणाले. "त्येची बदली झाली."

दोघांना परत पाठवलं तेव्हा म्हाताऱ्याचा पुतण्या सोनू काजूच्या झाडाखाली घोरत पडलेला सापडला. दुःख त्याने जरा लवकर, सकाळपासूनच, बुडवायला घेतलं होतं.

लोक हसत. मीही हसायचो, पण तोंड मिटून. माझी भाताची गिरण आहे. गिरणीच्या आवाजात बोलावं लागत नाही आणि कुणाचं ऐकावंही लागत नाही, हा या धंद्याचा मोठा फायदा. वीस वर्षांत मला त्याची इतकी सवय झाली की गिरण बंद असली तरी मी गप्पच असतो.

एका संध्याकाळी मात्र हसणं थांबलं. मेजर रोज खाडीच्या तोंडाशी एका दगडावर बसून परतणाऱ्या होड्या मोजायचे. त्या दिवशी अठरा गेल्या होत्या आणि सतरा आल्या. नेहमीप्रमाणे कुणीतरी म्हणालं, "सासरवाडीक वळलो आसतलो पांडू." मेजर उठले, दोघांना घेऊन होडी बाहेर काढली आणि उलट्या पडलेल्या होडीला धरून लोंबकळणाऱ्या पांडूला आणि त्याच्या भावाला घेऊन अंधार पडायच्या आत परत आले. किनाऱ्यावर पाय टेकताच आधी म्हणाले, "अठरा." मग पांडूला शिव्या दिल्या. तेव्हापासून लोक हसायचे, पण हसत हसत मोजून घ्यायचे.

मी एकदाच त्यांना विचारलं होतं, गिरण बंद असताना, की हे फौजेत शिकवतात काय. ते म्हणाले, "फौजेत नाय रे. आवशीकडसून शिकलंय. मी सरहद्दीवर आसताना ती रोज जेवणाच्या येळाक पाट मोजी. माझो पाट रिकामो, तरी तो धरून मोजी. म्हणी, मोजलेलो माणूस हरवणा नाय."

आता गावपळणीकडे येतो. आमच्या गावात तीन-चार वर्षांनी एकदा देवाचा कौल होतो, नगारा वाजतो आणि अख्खं गाव वेशीबाहेर पडतं. माणसं, गुरं, कुत्री, कोंबड्या, सगळी. तीन दिवस गावात जीव म्हणून ठेवायचा नाही. चूल पेटायची नाही, कोंबडा आरवायचा नाही. गाव देवाचं. आपण खाडीपलीकडच्या माळावर माडाच्या झापांच्या झोपड्या घालून राहायचं आणि चौथ्या दिवशी मानकऱ्यांनी देवळात जाऊन कौल घ्यायचा. देव ‘या’ म्हणाला की परत.

पिढ्यान् पिढ्या हे जसं जमेल तसं चाललं होतं. कुणी मिक्सर न्यायचे आणि तांदूळ विसरायचे. एका पळणीला एक सासू मागे राहिली होती. ती विसरली गेली की ठेवली गेली यावर अजून दोन मतं आहेत. मेजरांना हे कळल्यावर त्यांची झोप उडाली. पुढच्या पळणीचा कौल झाला तसा त्यांनी शाळेच्या फळ्यावर गावाचा नकाशा काढला. वाडीवार रस्ते, गुरांचा वेगळा, म्हाताऱ्यांचा वेगळा. प्रत्येक शेळीच्या गळ्यात क्रमांक. दोन दिवस आधी रंगीत तालीम झाली, त्यात माणसं वेळेवर परत आली पण शेळ्यांना माळ आवडला आणि त्यांना आणायला दुसरी तालीम करावी लागली.

"आणि मांजरां?" बाबलने सभेत विचारलं.

मेजरांनी हातातला खडू खाली ठेवला. "मांजरां मोजूक जमणा नाय," ते म्हणाले. "फौजेतय जमला नाय कोणाक."

गावकर, म्हणजे आमचे मुख्य मानकरी, कोपऱ्यात बसून पान लावत होते. ते म्हणाले, "मेजर, देवान इतक्या पिढ्यो ह्यो गाव भायर काढल्यान. त्येका नकाशो लागलो नाय कधी."

"देवाक माणूस कमी झाल्याचा आपसूक कळता, गावकरांनू," मेजर म्हणाले. "आमका कळणा नाय. म्हणान नकाशो."

मग प्रत्येक वाडीला एक प्रमुख नेमला. आमच्या वाडीचं नाव आलं तसं मेजरांनी माझ्याकडे बोट केलं. मी मान हलवून नाही म्हणालो. ते म्हणाले, "तूच. तू कमी बोलतस. म्हणजे खोटा बोलण्याक वावच नाय." सगळी सभा हसली. त्या वाक्याने मला खरोखर बरं वाटलं होतं. माझ्या गप्प बसण्याचा कुणाला तरी उपयोग आहे असं पहिल्यांदाच वाटलं.

पळणीच्या दिवशी मी पहाटेपासून वाडीत फिरलो. माणसं एकशे चार, गुरं एकतीस, शेळ्या अठरा. कोंबड्या सांगितल्या तितक्या. कोंबडे नऊ, त्यातले आठ डालग्यात. नववा माझा स्वतःचा.

या कोंबड्याविषयी थोडं सांगायला हवं. तो गिरणीवर राहायचा आणि गिरणीतली कणी खायचा. अंगावर कायम कोंडा, त्यामुळे तो पांढरा आहे अशीच सगळ्यांची समजूत होती. गिरण सुरू झाली की तिच्याशी चढाओढ लावून आरवायचा, त्यामुळे त्याचा आवाज असा तयार झाला होता की मी पुन्हा तसा ऐकला नाही. पण गिरण चालू असल्याने गावातल्या कुणाच्या कानावर तो आवाज कधी पडलाच नव्हता. ठाऊक होता तो मला आणि माझ्या बायकोला.

मी त्याला पकडायला गेलो तसा तो गिरणीच्या पत्र्यावर चढला. मी शिडी लावली. तो रतांब्याच्या झाडावर गेला. मी झाडावर गेलो. तो पुन्हा पत्र्यावर. असा पाऊण तास गेला. शेवटी शिडी सरकली आणि मी कोंड्याच्या ढिगात कमरेपर्यंत रुतलो. तो वरून माझ्याकडे एका डोळ्याने बघत होता. तेवढ्यात दुसरा नगारा झाला. माझी वाडी रांगेत उभी राहून माझी वाट बघत होती. मी कपडे झटकले आणि निघालो. बायकोने विचारलं, "आपलो कोंबडो खंय?" मी म्हटलं, "शेजाऱ्यांच्या डालग्यात घातलंय."

वेशीवर मेजर टेबल मांडून बसले होते, गळ्यात भोंगा. "माणसां?" "एकशे चार." "गुरां?" "एकतीस." असं करत शेवटी, "कोंबडे?"

मला आठ म्हणता आलं असतं. आठ म्हणायलाही तेवढाच वेळ लागतो. मेजरांनी ओरडून दोन माणसं मागे पाठवली असती, कोंबड्याला पकडून आणलं असतं, लोक मला आठवडाभर हसले असते. मी नऊ म्हटलं.

"पुरे?"

"पुरे."

"शाबास!" मेजर म्हणाले, आणि भोंगा तोंडाला लावून सगळ्या माळाला सांगितलं की एकही जीव मागे न ठेवता आलेली पहिली वाडी आमची. लोकांनी टाळ्या वाजवल्या.

दुसऱ्या दिवशी उजाडताना माळावर चहा चालला होता. खाडीपलीकडे गाव गप्प. एवढं गप्प की बायका कुजबुजून बोलत होत्या. आणि तो आरवला.

कप हातातच राहिले. मग पुन्हा आरवला, जास्त लांब. शेजारी गिरण नव्हती ना, त्याला पहिल्यांदाच सगळं रान मोकळं मिळालं होतं. बायकोने माझ्याकडे बघितलं. मी कपात बघितलं. ती तेव्हा काही बोलली नाही आणि आजपर्यंत बोललेली नाही.

"जीव ऱ्हवलो गावात," गावकर म्हणाले. "पळण मोडली."

"कोंबडो म्हणजे काय जीव?" बाबल म्हणाला.

"मगे काय रेडिओ?"

मग वाद पेटला. एकाचं म्हणणं, तो शेजारच्या गावातून आला असेल, त्याला पळणीची कल्पना नसेल. दुसरा म्हणाला, देवानेच स्वतःसाठी पाळला असेल, गाव त्याचं आहे. बाबलने मेजरांना सांगितलं, हयसूनच नेम धरून मारा. मेजर म्हणाले, "बंदूक सरकारजमा करून इलंय, बाबल. आणि पल्लो बघ मेल्या." आत जाऊन पकडावा तर माणूस आत गेला म्हणजे आणखी एक जीव झाला. तोवर कोंबडा दर पाच मिनिटांनी आपलं मत देत होता.

शेवटी कुणीतरी म्हणालं, "परत मोजूया. कोणाचो तो पंधरा मिन्टात गावतलो."

कपात चहा होता तो मी एका घोटात प्यालो.

"नको," मेजर म्हणाले. त्यांनी डोक्यावरची टोपी काढून हातात घेतली. "आता मोजलो तर अख्खो गाव एकाच्याच दारात भांडूक जातलो. गिनती माझी. चूक माझी." ते कुणाकडेही न बघता बोलले. मी त्यांच्यापासून चार हातांवर उभा होतो.

चौथ्या दिवशी देवाने कौल दिला नाही. पाचव्या दिवशी दिला. मधल्या एका दिवसात तांदूळ संपले, मच्छरांनी पोरं फोडून काढली, आणि जो तो मेजरांच्या नकाशाला शिव्या देत होता. गावात परतलो तर कोंबडा मेजरांच्या पडवीत, मेजरांच्या आरामखुर्चीत बसलेला. पाच दिवस गिरण बंद, धुळीत लोळून लोळून त्याच्या अंगावरचा सगळा कोंडा झडला होता आणि आतून लालभडक कोंबडा निघाला होता. क्षणभर मीसुद्धा त्याला ओळखलं नाही.

"म्हणजे मेजर, तुमचोच की हो!" बाबल ओरडला.

मेजरांनी आयुष्यात कोंबडी पाळली नव्हती. हे बाबलला ठाऊक होतं, गावकरांना ठाऊक होतं. पण गावाला पाच दिवसांनी घरी जायचं होतं, आणि चूक कुणाची ते ठरल्याशिवाय घरी जाता येत नव्हतं. मेजर कोंबड्याकडे बघत राहिले. मग वाकून त्यांनी त्याच्या पंखाखाली बोट घातलं, तिथे राहिलेला चिमूटभर कोंडा चोळून पाहिला, आणि म्हणाले, "होय. माझोच."

संध्याकाळी देवळात गाऱ्हाणं झालं. गावकरांनी हात जोडून म्हटलं, "बा देवा म्हाराजा, मेजराच्या हातसून जी काय चूक झाली, ती पदरात घे रे म्हाराजा!" आणि सगळा गाव एका आवाजात म्हणाला, "व्हय म्हाराजा!" त्यात मीही होतो. खरं सांगायचं तर त्या दिवशी माझा आवाज नेहमीपेक्षा मोठा लागला होता. शेजारच्याने वळून बघितलं.

त्यानंतर मेजरांनी मोजणं सोडलं. दुसऱ्या दिवशी एसटी आली, माणसं उतरली आणि सवयीने रांगेत उभी राहिली. मेजर वाण्याकडून काड्यापेटी घेऊन निघून गेले. कंडक्टर काही वेळ वाट बघत थांबला, मग त्याने घंटी दिली. खाडीवरचा दगडही रिकामा झाला. पावसाळ्याच्या तोंडाला पांडूची होडी पुन्हा वाऱ्याने भरकटली आणि वेंगुर्ल्याच्या धक्क्याला लागली. तिथून त्याने फोन केला, "आमी हय आसंव. शोधूक कोण कोण गेलो हा?" कुणीच गेलं नव्हतं. तो आलेला नाही हे आम्हाला त्याच्या फोनवरूनच कळलं. ते ऐकून पांडू म्हणाला, "मेजर बरे आसत मा?"

बाकीची कामं मेजर करत राहिले. भरतीला जाणाऱ्या पोरांना किनाऱ्याच्या पुळणीवर पळवायचे, म्हाताऱ्यांचे पेन्शनचे कागद भरून द्यायचे. कोंबडा त्यांच्याकडेच राहिला. त्याचं नाव त्यांनी हवालदार ठेवलं होतं आणि तो त्यांच्या मागून एका तालात चालायचा; निदान मेजरांचं तसं म्हणणं होतं. दर गुरुवारी ते पिशवी घेऊन गिरणीवर यायचे. मी कणी भरून द्यायचो. गिरण चालू असायची. ते माझ्याकडे बघून काहीतरी बोलायचे, ओठ हललेले दिसायचे. मी मान डोलवायचो. काय बोलायचे ते मला कधीच ऐकू आलं नाही. खटका माझ्या हाताशीच होता. मी गिरण एकदाही बंद केली नाही.

गेल्या वर्षी ते अंथरुणाला खिळले. मी बोलावणं आलं तेव्हाच गेलो. दुपारची वेळ होती. पुतणसून आत पेज करत होती, हवालदार पायथ्याशी बसलेला.

"ह्येका घेऊन जा," मेजर म्हणाले. "तुज्या गिरणीचीच कणी लागता. दुसरी खाणा नाय. पयल्या दिवसापासून खाणा नाय."

मी हवालदाराच्या पाठीवरून हात फिरवला.

"तुका काय सांगूचा आसा?"

मी कोंबड्याकडे बघत होतो.

"मी धापर्यंत मोजतंय," ते म्हणाले आणि डोळे मिटून फौजेतल्यासारखे सुरू झाले. "एक. दो. तीन." प्रत्येक आकड्यानंतर थांबत होते. सहाला मी तोंड उघडलं. आठला मिटलं. "दस" झालं, आणि मला सुटल्यासारखं वाटलं.

मग ते म्हणाले, "ग्यारह."

दहा सांगून दहाच्या पुढे गेलेले मेजर मी आयुष्यात कधी बघितले नव्हते. बारह. तेरह. आवाज बारीक होत चालला होता पण थांबत नव्हता. उनतीसपर्यंत गेले. तेवढ्यात पुतणसून पेज घेऊन आली आणि म्हणाली, "काय मोजतास वो काकानूं?" मेजर म्हणाले, "काय नाय गो. हवालदाराक शिकयतंय." मी कोंबडा काखेत मारून निघालो. चार दिवसांनी मेजर गेले.

त्यांना पोचवायला आम्ही त्र्याऐंशी जण गेलो. परतताना मी वाटेच्या कडेला उभं राहून मोजलं. त्र्याऐंशी आले. बाबलने मला बघितलं. "काय करतस रे?" मी म्हटलं, "काय नाय." तो तिथेच उभा राहिला आणि म्हणाला, "तेंका धरूक नाय मा?" मी मान हलवून नाही म्हटलं. मग तो रडायला लागला.

कोंबडा आता गिरणीवर असतो. म्हातारा झालाय, पुन्हा पांढरा झालाय, आणि गिरण चालू असताना आरवतो त्यामुळे कुणाला ऐकू येत नाही.

या वर्षी पळणीचा कौल झाला आहे. वाडीची गिनती मीच घ्यावी असं गावकरांनी सांगितलंय, कारण, म्हणे, मागच्या खेपेला चुकली ती मेजरांची, तुझी बरोबर होती. हे इथे लिहिलं म्हणजे सांगून झालं असं नाही. आमच्या गावात वाचणारे किती, आणि देव तर वाचतच नाही. गाऱ्हाण्यात नाव मेजरांचं पडलं आहे, ते गाऱ्हाण्यातच बदलायला हवं. वेशीवर सगळा गाव उभा असताना, भोंगा तोंडाला लावून, कोंबडो माझो होतो, मेजरांचो नाय, एवढं एक वाक्य मी मेजरांना देणं लागतो. ते अजून दिलेलं नाही.